मला काहीच निघालं नाही

माझ्या धाकट्या जावेला एडीएचडी आहे असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्यासाठी सगळ्यात जास्त माहिती मीच पुरवली होती. मोठ्या माणसाची तपासणी असली तरी घरातलं कुणीतरी सोबत बोलावतात, रोजचं वागणं जवळून पाहिलेलं. तिच्या भावानं पुण्याहून फोन करून मलाच गळ घातली. मी शाळेत रजा टाकली आणि गेले.

डॉक्टर शांत बाई होत्या. त्या विचारत गेल्या, मी सांगत गेले. इतकी वर्षं जे बोललं की चुगली ठरायची, तेच मला आता रीतसर विचारलं जात होतं. पाण्याची मोटार लावते आणि विसरते, टाकी वाहून अंगणभर चिखल होतो. ब्लाउज शिवायला घेते, एक बाही लावते आणि मधेच दुसरीचं कापड कापायला बसते. लग्नघरच्या बायका दारात येऊन भांडून जातात. मी पदरचं काही घातलं नाही, पण काही सोडलंही नाही. जाऊ शेजारी मान खाली घालून ऐकत होती आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. आम्ही अणदूरला परत आलो. मी नवी नवरी असताना भाजीत मीठ विसरले, तर सासूबाईंनी मला पाव्हण्यांसमोर ऐकवलं होतं. त्याच सासूबाईंनी आता सगळ्या घराला बजावलं, "तिला कुणी बोलायचं न्हाय. तिच्या डोक्याचंच तसं हाय. मुद्दाम करत न्हाय लेकरू."

चाळिशीला टेकलेली बाई लेकरू झाली. माझा नुसता जळफळाट झाला.

तिची कामं हळूहळू माझ्याकडे सरकली. पुरण तिच्याकडून करपतं म्हणून माझ्याकडे. मोटार माझ्याकडे. तिच्या गोळ्यांची वेळसुद्धा माझ्याकडे. मी सकाळी सगळ्यांचे डबे भरून जळकोटच्या शाळेत शिकवायला जाते, ते तसंच चालू होतं. आमच्या गावानं खंडोबासुद्धा नळदुर्गकरांशी वाटून घेतलाय, काही महिने तिकडे, बाकीचे इकडे, आणि देवाची काही तक्रार नाही. सासूबाईंची माया मात्र कुठल्याच महिन्यात माझ्याकडे यायची नाही.

आणि मीही विसरत होतेच की. स्वयंपाकघरात जायचे आणि कशाला आले ते आठवायचं नाही. वह्या तपासताना तेच पान पुन्हा वाचायचे. डॉक्टरांनी तिच्याबद्दल विचारलेले प्रश्न मी मनातल्या मनात स्वतःला विचारू लागले आणि प्रत्येकाला हो म्हणू लागले. मलाही तेच असणार. असावंच, अशी माझी चक्क इच्छा होती. गोळ्या मला नको होत्या. सासूबाईंनी माझ्याबद्दल चारचौघांत एकदा म्हणावं, की हिला बोलू नका, एवढंच हवं होतं.

मी त्याच डॉक्टरांची वेळ घेतली. सोबत कुणाला न्यायचं हा प्रश्न आला. नवरा म्हणाला, "तुला काय झालंय?" जाऊ म्हणाली, "मी येते की अक्का." त्या दिवशी ती माझ्याआधी आवरून एसटीच्या थांब्यावर उभी होती. तेही मला सहन झालं नाही.

डॉक्टरांनी माझ्या लहानपणच्या शाळेपासून सुरुवात केली. माझ्या आईलाही फोन लावला. आई अभिमानानं म्हणाली, "हिचं दप्तर मला कधी भरावं लागलं न्हाय बघा." मग डॉक्टर जावेकडे वळल्या.

"अक्का कधी कायबी विसरत न्हाईत," ती म्हणाली. "माझ्या गोळ्या त्याच देतात. माझ्या गिऱ्हाइकांची समजूत त्याच घालतात. त्या नसत्या तर माझं लई अवघड होतं."

ती अगदी मनापासून बोलत होती. मी टेबलाखालून तिला चिमटा काढायच्या बेतात होते. माझ्या चुगल्यांनी तिची सुटका झाली होती आणि तिच्या कौतुकानं माझी हुकत होती.

"तुम्हाला एडीएचडी नाही," डॉक्टर शेवटी म्हणाल्या. "झोप पुरत नाही आणि कामं फार आहेत. घरात थोडी वाटून घ्या."

"थोडासुद्धा नाही?" मी विचारलं.

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

घरात पाऊल टाकलं तशा सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाल्या डाक्टर?"

"मला काहीच निघालं नाही."

"मला ठावंच हुतं. तुला काय धाड भरलीय? समदं घर तुझ्यावर तर चाललंय. दूध ठिवलंय गॅसवर, बघ तेवढं."

माझी पर्स अजून खांद्यालाच होती. मी तशीच गॅससमोर जाऊन उभी राहिले. साय फुगली, कडेनं सुटली, दूध वर यायला लागलं. बटण हाताशीच होतं. मी सगळं नीट पाहत होते आणि हात उचलला नाही. दूध उतू गेलं, ओट्यावर पसरलं, तिथून फरशीवर आलं. माझ्या मागोमाग आलेल्या जावेनं घाईनं हात घालून गॅस बंद केला. तोवर करपल्याच्या वासानं सासूबाई आत आल्या होत्या.

त्यांनी ओट्याकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. माझ्याकडे बघावं, असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

"माझंच ध्यान नव्हतं," जाऊ म्हणाली. मला वाचवायला म्हणाली.

"असू दे माय," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "हाताला भाजलं तर न्हाय न्हवं?"

मी पर्स बाजूला ठेवली आणि फडकं घेऊन फरशी पुसायला बसले.