बेसमेंटमधला गारवा

दीप्ती खंडारेने गाडी घेतली तेव्हा चारकोपच्या तिच्या सोसायटीत दोन तट पडले. एकांचं म्हणणं, पायात जोर नाही, ही बाई गाडी चालवणार कशी? दुसरे म्हणायचे, चालवेल हो, पण त्या बॅटरीनं पेट घेतला तर? दीप्ती दोघांचंही ऐकून घ्यायची आणि व्हीलचेअर वळवून लिफ्टकडे निघायची. लोकांना आपल्याबद्दल बोलू द्यायची सवय तिला फार वर्षांची होती.

एकोणिसाव्या वर्षी तिला साधा ताप आला होता. ताप उतरला तेव्हा छातीखालचं अंग तिचं राहिलं नव्हतं. मणक्याला सूज, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून ती खुर्चीत. पण शिकली, अंधेरीला एमआयडीसीत औषधं तपासणाऱ्या कंपनीत अहवाल लिहायच्या कामाला लागली आणि तिथेच टिकली. अडचण एकच होती, कांदिवलीहून अंधेरीला पोचायचं कसं. टॅक्सी मागवावी तर ड्रायव्हर गेटवर येऊन खुर्ची बघायचा आणि गाडीतूनच हात हलवून निघून जायचा. एखादा थांबलाच तर डिकीत गॅसचा सिलिंडर. खुर्ची ठेवायची कुठे?

"पेट्रोलचा खर्च झेपेल का गं तुला?" असं आई, चंपाबाई, विचारायची. दीप्तीने मग इलेक्ट्रिक गाडीचा हिशोब मांडला. घरच्या मीटरवर चार्ज केली तर किलोमीटरला रुपया-सव्वा रुपया. क्लच नाही, गिअर नाही, म्हणजे हाताने चालवायची यंत्रणा बसवायला सोपी. लिव्हर सोडला की गाडी आपणच हळू होते, त्यामुळे खांदाही दुखत नाही. बाहेरच्या चार्जरवर मात्र दुपटीहून जास्त पैसे, आणि ते मशीन नेमकं उंच फुटपाथवर बसवलेलं. खुर्चीतून तिथवर हात पोचणार कसा? म्हणून तिने सोसायटीशी भांडून खालच्या पार्किंगपर्यंत स्वतःच्या मीटरची वायर ओढून घेतली.

नवी गाडी परवडण्यासारखी नव्हती. बोरिवलीचा माणिक, जो अशा गाड्यांना हाताचे लिव्हर बसवून द्यायचा, त्यानेच एक जुनी गाडी सुचवली. "ताई, लिव्हर मीच बसवलाय. आधीचा मालक तुमच्यासारखाच खुर्चीवर होता. तुम्हाला एक स्क्रू हलवावा लागणार नाही."

आणि खरंच लागला नाही. दीप्ती पहिल्यांदा आत सरकून बसली, डावा हात लिव्हरवर ठेवला, तेव्हा मुठीवरच्या रबराला बोटांच्या खाचा पडलेल्या होत्या. तिची बोटं त्यांत अलगद बसली. तिला ते बरंही वाटलं आणि नकोसंही.

विकणाऱ्या दलालाने कागद तिच्या नावावर करून दिले. मोबाइलवरून गाडी बघायचं ॲप असतं, ते मात्र राहिलं. "होईल ताई आठवड्याभरात," असं तो दर आठवड्याला सांगायचा. गाडी किल्लीने चालत होती, म्हणून दीप्तीनेही मागे लागणं सोडून दिलं.

पहिली चाहूल लागली ती एप्रिलच्या रणरणत्या दुपारी. तिला अर्ध्या दिवसाने निघायचं होतं. ऑफिसच्या बेसमेंटमध्ये उतारालगत तिची जागा होती. त्या दिवसांत तिथे हवा अशी कोंडलेली असायची की बाकीचे लोक घामाने निथळायचे. दीप्तीला घाम यायचा नाही. छातीखाली घाम फुटणंच बंद झालेलं. उन्हात अंग तापत जायचं, डोकं गरगरायचं. ओला नॅपकिन मानेवर ठेवून तिने गाडीचं दार उघडलं.

आतून गार हवा तिच्या तोंडावर आली.

गाडी सकाळपासून बंद होती. किल्ली तिच्या पर्समध्ये होती. पण आतली काच थंडगार होती, सीट थंडगार होती, जसं कुणी तरी तासभर बसून आत्ताच उठून गेलंय. ती दार धरून तशीच थांबली. मग स्वतःला म्हणाली, सकाळी एसी बंद करायला विसरले असेन.

ती विसरली नव्हती. त्यानंतर तिने चार्ज लिहून नाही, पण नीट बघून ठेवायला सुरुवात केली. सकाळी सोडताना पडद्यावर जो आकडा असायचा, त्यातले चार-पाच टक्के संध्याकाळी गेलेले असायचे. उभ्या गाडीतून वीज जात होती. कुठे जात होती?

एका संध्याकाळी बेसमेंटचा वॉचमन हरेश्वर तिच्या जवळ आला. देवगडकडचा माणूस, एरवी अघळपघळ बोलणारा, पण त्या दिवशी त्याचा आवाज खाली होता.

"मॅडम, एक इचारू? दुपारची तुमच्या गाडयेत कोण बसता?"

"कोणी नाही. का हो?"

"रोज दीड वाजलो की लाइट आपापले पेटतत. आतसून घुंय घुंय आवाज येता. मी काचेक डोळो लावून बघलंय. कोण दिसाक नाय." त्याने गाडीकडे एक नजर टाकली. "आमच्याकडे असल्याक राखणदार म्हणतत. वायट नाय तो. तुम्ही भियाव नको."

दुसऱ्या दिवशी बॉनेटवर जास्वंदीचं फूल होतं.

दीप्ती हसली, पण घरी जाताना मागच्या आरशात तिने जरा जास्तच वेळा पाहिलं. गाडीला इंजिनाचा आवाज नाही. खिडक्या बंद केल्या की आत इतकी शांतता असायची की स्वतःचा श्वास ऐकू यायचा. त्या दिवशी तिला आपला श्वास मोजून दोनदा ऐकू येतोय असं वाटत राहिलं.

मग चेंबूर झालं. रविवारी ती आईला घेऊन मावशीकडे गेली होती. गल्लीतल्या हॉस्पिटलच्या भिंतीला लागून गाडी लावली. जेवता जेवता गप्पा रंगल्या, आणि खालून हॉर्न ऐकू आला. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. चोर आला की वाजतो तसा नव्हता. खाली उभं राहून कुणी तरी हाक मारावी तसा. मावशीने खिडकीतून पाहिलं. "दीप्ती, तुझीच गं. लाइट पण लागतायत. आत तर कोणी नाहीये."

चंपाबाईंचा घास हातात राहिला. "ती गाडी विकून टाक," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसाची आहे ना ती? मला माणिकने सांगितलंय. मी तुला बोलले नाही इतकंच."

हे दीप्तीला माहीत नव्हतं.  परत येताना लिव्हरवरच्या त्या खाचांत बोटं घालायला तिला नको वाटत होतं, पण दुसरीकडे कुठे धरणार?

तिचे वडील वाशिमहून मुंबईत आलेले, साध्या नोकरीत जन्म गेलेला. घरात कुणी भुताखेताचं नाव काढलं की म्हणायचे, "आधी जाऊन बघून ये, मग घाबर." सोमवारी जेवणाच्या सुट्टीत दीप्ती डबा न उघडताच खाली गेली, गाडीत बसली आणि दार ओढून घेतलं. दार उघडल्यावर किल्ली तिने मुद्दाम हरेश्वरकडे देऊन त्याला वर पाठवलं होतं.

बेसमेंटमध्ये कुणी नव्हतं. ट्यूबलाइट एक लागत होती, एक विझत होती. तिने मांडीवर हात ठेवले. कपाळ तापायला लागलं होतं.

दीड वाजला. समोरच्या भिंतीवर एकदम पिवळा उजेड पडला आणि गेला. चारही दारांचे लॉक एकदम खाली बसले, खट्. मग डॅशबोर्डच्या आतून काही तरी जागं झालं आणि गार हवा तिच्या गळ्यावर, हातांवर, चेहऱ्यावर यायला लागली. सगळ्या जाळ्या तिच्याकडेच वळवलेल्या होत्या. तिने त्या कधी हलवल्या नव्हत्या. तशाच आल्या होत्या.

"कोण आहे?" तिने विचारलं. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

लॉक आतून उघडता आलं असतं. तिने हात पुढे केलाही. पण अंगातला ताप उतरत होता, डोकं हलकं होत होतं, आणि ज्या कुणाला तिच्या अंगाचं हे दुखणं इतकं नेमकं ठाऊक होतं त्याच्यापासून पळून जावं की नाही हेच तिला कळेना. घाबरलेली असूनही ती हवा बंद होईपर्यंत बसून राहिली.

त्याच संध्याकाळी तिने माणिकला गाठलं. माणिक आधी इकडचं तिकडचं बोलला, मग कबूल झाला. आधीचा मालक राजाराम सुर्वे, मुलुंडचा. मोटरसायकलच्या अपघातात मणका गेलेला. मुलांना गणित शिकवायचा, दुपारच्या क्लासला स्वतः गाडी चालवत जायचा. "तुमच्यासारखंच, ताई. अंगाला घाम यायचा नाही. गाडी आधी गार करून मगच बसायचे. गेल्या वर्षी वारले. भावाने गाडी विकली. बायको, वनमालाताई, असतात तिथेच."

पत्ता गाडीच्या जुन्या कागदांवर होताच. शनिवारी दीप्ती एकटीच निघाली. गोरेगावहून आरे कॉलनीच्या रस्त्याने, पवईवरून, मग पूर्वेकडे मुलुंडला. त्या बाजूला ती कधी गेली नव्हती, पण वळणं घेताना कुठेच गोंधळली नाही. शेवटची गल्ली अरुंद होती, दोन्ही बाजूंना जुन्या तीन मजली इमारती.

इमारतीच्या गेटवर एक बाई उभी होती. साठीच्या आसपासची, सुती साडी, हातात मोबाइल. ती मोबाइलकडे बघत होती आणि गल्लीकडे बघत होती. गाडी दिसल्यावर तिने मोबाइल खाली केला. गेटच्या पायरीवर लाकडी फळी तिरकी टाकून ठेवलेली होती. तिच्यावरची धूळ नुकतीच पुसलेली दिसत होती.

दीप्तीने काच खाली केली. आपण कोण हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती बाई म्हणाली, "आलात? या. फळी लावलीये."



घर तळमजल्यावर होतं. दारं रुंद करून घेतलेली, स्विच खाली बसवलेले. इतक्या वर्षांत दीप्तीची खुर्ची पहिल्यांदाच एखाद्या परक्या घरात कुठेही न अडता फिरली. वनमालाताईंनी पाणी आणून दिलं आणि समोर बसल्या.

"मी वेडी नाहीये," त्या शांतपणे म्हणाल्या. "ते गेलेत हे मला कळतं. तुम्हीच चालवता गाडी, हेही कळतं. पण हा ठिपका हलतो ना."

त्यांनी मोबाइल पुढे धरला. नकाशा होता. मुलुंडच्या गल्लीत एक निळा ठिपका उभा होता.

"दीड वाजता ते क्लासला निघायचे. मी स्वयंपाकघरातून बटण दाबायची, गाडी गार व्हायची. गाडी विकली तरी माझ्या मोबाइलवरून हे कुणी काढलंच नाही. एक दिवस सहज उघडून पाहिलं तर ठिपका अंधेरीला. म्हटलं, बाई गं, उन्हात आहेत. दाबलं."

"आणि चेंबूर?" दीप्तीने विचारलं.

वनमालाताईंचा चेहरा बदलला. "तिथे त्या हॉस्पिटलपाशी कशाला थांबला होतात? किती वेळ! शेवटी तिथेच नेलं होतं यांना. ठिपका तिथून हलेचना. म्हणून हॉर्न वाजवला. म्हटलं, निघा तिथून."

दीप्तीने पुन्हा त्या ठिपक्याकडे पाहिलं. कुठे जाते, कधी घरी येते, कुठे किती रेंगाळते, हे सगळं एक अनोळखी बाई रोज स्वयंपाकघरात बसून पाहत होती, आणि त्यात वाईट हेतू तिळभर नव्हता. राग कुणावर काढायचा?

"ताई, हे काढावं लागेल," ती अखेर म्हणाली. "लॉक बसतात. मला भीती वाटते."

"काढा की." त्यांनी लगेच मोबाइल तिच्या हातात दिला.

दीप्तीने गाडीचं नाव पुसलं. नकाशा क्षणभर तसाच राहिला, मग ठिपका गेला. नुसती गल्ली उरली.

वनमालाताईंनी पडद्याकडे पाहिलं. उठल्या, खिडकीशी गेल्या, बाहेर बघून आल्या. "बाहेर आहे अजून," त्या म्हणाल्या. आणि बसल्या. थोड्या वेळाने पुन्हा उठून बघून आल्या.

निघताना त्या गेटपर्यंत आल्या. दीप्ती आत सरकली, खुर्चीची चाकं काढून मागे टाकली. गाडी उन्हाने भाजत होती. वनमालाताई काचेशी वाकल्या. त्यांचे डोळे दीप्तीच्या तोंडावर नव्हते, लिव्हरवरच्या हातावर होते.

"अहो, सावकाश जा," त्या म्हणाल्या.

"हो," दीप्ती म्हणाली. आणि आपण नक्की कुणाच्या वतीने हो म्हटलं, हा विचार पवईपर्यंत तिच्या डोक्यातून गेला नाही.

पुढे दलालाला दम भरून तिने ॲप स्वतःच्या नावावर करून घेतलं. उभ्या गाडीतली वीज जायची थांबली. दुपारी निघायचं असलं की ती वरच्या मजल्यावरूनच बटण दाबते. आईचा गाडी विकायचा हट्ट हळूहळू मागे पडला.

पण मुलुंडहून आल्यावर सोमवारी दुपारीच तिचा फोन वाजला होता. वनमालाताई. निघताना त्यांनी नंबर मागून घेतला होता.

"गाडी कुठे आहे?"

"अंधेरीला, ताई. बेसमेंटमध्ये."

"बरं." फोन बंद.

तेव्हापासून तो फोन येतोच. प्रश्न तेवढाच असतो. दीप्ती खरं ते सांगते, गोरेगाव, बोरिवली, घाटकोपर. तिने चेंबूरला जायचं असलं की गाडी दुसऱ्या गल्लीत लावायला सुरुवात केली आहे.

पावसाळ्याच्या शेवटी तिला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. आठवडाभर ती अंथरुणात होती. रोज फोन यायचा आणि रोज ती सांगायची, "घरीच आहे, चारकोपला." एका दुपारी पलीकडून आधी ऐकू आला तो नुसता श्वास.

"इतके दिवस हलली नाही," वनमालाताई म्हणाल्या. "यांचंही असंच झालं होतं. आधी चार-पाच दिवस गाडी हलली नाही, आणि मग..."

दीप्ती उठून बसली. अंगात कणकण होती. चंपाबाई "कुठे निघालीस गं?" करत मागे येईपर्यंत ती लिफ्टमध्ये होती. खाली येऊन तिने चार्जरची वायर काढली, आत सरकली, डाव्या हाताने लिव्हर धरला. कुठे जायचं नव्हतं. सेक्टरच्या रस्त्याने तिने गाडी बाहेर काढली, बाजूला थांबवली आणि फोन लावला.

"निघालेय, ताई," ती म्हणाली. "आता लिंक रोडकडे वळते."