कपाळापर्यंत येणारा हात

नवऱ्याचं गुडगावचं घर सोडून मी दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकटी राहायला आले. त्याच जानेवारीत समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनींनी मला हळदीकुंकवाला बोलावलं. कागदोपत्री मी अजून सवाष्ण होते. त्याच्या नावाचं कुंकू वगैरे माझ्या मनात काही उरलं नव्हतं. मी गेले ती चार बायकांत बसून पोटभर मराठी बोलायला.

हीटरभोवती सगळ्या दाटीवाटीनं बसल्या होत्या. गप्पा रंगल्या होत्या. वहिनी करंडा घेऊन माझ्यासमोर आल्या आणि त्यांनी बोट माझ्या कपाळाकडे नेलं. माझा हात आपसूक तोंडासमोर गेला. इतक्या वर्षांच्या संसारात तो तेवढंच शिकला होता. करंडा उडाला, कुंकू त्यांच्या साडीवर सांडलं. यंदा थंडीच फार आहे, असं कोणीतरी म्हणालं आणि लगेच सगळ्या थंडीवर बोलायला लागल्या. मार खाताना वाटली नव्हती इतकी लाज मला तेव्हा वाटली. आणि संताप आला. तिकडे गुडगावात बसून हा माणूस अजून माझा हात हलवत होता.

वहिनी भल्या. पुढच्या वर्षीही त्यांनी बोलावलं, पण तबक लांबूनच पुढे केलं आणि तुम्हीच लावून घ्या म्हणाल्या. मग सगळ्याच जपून वागायला लागल्या. मागून हाक मारायच्या नाहीत, खांद्यावर हात ठेवायच्या नाहीत. त्या जपण्यानं मी घरी येऊन रडायचे. या एवढ्या दिल्लीत मला हात लावणारी एकच बाई उरली होती, मेट्रोच्या दारात तपासणी करणारी शिपाई. तिच्यापुढे हात पसरून उभं राहिलं की मला बरं वाटायचं, पण हे कोणाला सांगायचीही चोरी.

यंदा तबक पुढे आलं, तेव्हा मी ते घेतलं नाही. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"वहिनी, तुम्ही लावा. मी दचकले तरी लावा."

वहिनी माझ्याजवळ खाली बसल्या. त्यांचं बोट अगदी सावकाश आलं, तरी माझी मान मागे गेलीच आणि कुंकू भुवईला फासलं गेलं. त्यांनी ते पदरानं पुसलं आणि पुन्हा करंड्यात बोट बुडवलं.