गाणं त सरू द्या

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलणं. सोलता सोलता बायको अंबामाईचं भजन गुणगुणत होती. तिला चिडवायला मी मधातच ओरडलो, "अंबामाता की जय!" तिनं शेंग फेकून मारली. "अजी, गाणं त सरू द्या! जलमभर धीर नाई तुमाले." दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात पडली ती उठलीच नाही.

मी देवीचा दिवा बंद केला. खोटं कशाला लिहू, फोटोही भिंतीकडे तोंड करून ठेवला. जिनं हिची भजनं म्हणण्यात उमर घातली, तिला घोटभर पाणी पाजायची सवडही हिनं मला दिली नाही.

वर्षभरात तिचा आवाज माझ्या कानातून जाऊ लागला. चेहरा फोटोत आहे, आवाज कुठं शोधू? फार मागं ती गायची त्या आमच्या गावच्या बायांच्या भजनी मंडळानं अमरावतीला कॅसेट भरली होती. घरची कॅसेट उंदरांनी कुरतडली. म्हणून अकोटहून अमरावतीची यष्टी धरली.

कॅसेट जिथं भरली, ते इंग्रजांच्या काळचं चर्च आहे. तिथली प्रार्थना बंद पडल्यावर एका माणसानं आत गाणी भरायचा स्टुडिओ केला. दगडी भिंती इतक्या जाड की बाहेरची गाडी आत ऐकू येत नाही. अर्ध्या वऱ्हाडाची भजनं तिथंच भरली. आता त्याची मुलगी सांभाळते, पन्नाशीची बाई. मी गेलो तेव्हा ती जुन्या टेपा पोत्यात कोंबत होती. मी दारात चपला काढल्या.

"काका, चपला राहू द्या."

"देवाशी भांडण हाय माह्यं, त्याच्या घराशी नाई."

ती हसली. गावाचं नाव ऐकून तिनं वही चाळली. "चांगली टेप तेव्हाच कॅसेट कंपनीनं नेली. बिघडलेली तेवढी इथं आहे. आज ती भंगारात जाणार होती."

कशी बिघडली ते मला ठाऊक होतं. कॅसेट भरली त्या दिवशी मी इथंच मागच्या बाकावर बसलो होतो. भजन रंगलं, भान राहिलं नाही, आणि देवळात ठोकतो तसा मी मधातच जयजयकार ठोकला. सगळं पुन्हा भरावं लागलं.

बाईनं टेप लावली. टाळ, बायांचे आवाज, त्यात माझ्या बायकोचा. मग माझी बोंब. टाळ थांबले आणि ती बोलली, "अजी, गाणं त सरू द्या! इथंबी तेच का जी तुमचं?" मग तिचं हसू.

मी त्याच बाकावर बसून रडलो. बाईनं पाणी दिलं आणि न सांगता टेप पुन्हा लावली.

कोणी याला चमत्कार म्हणो, न म्हणो. चांगल्या टेपेत तिचं नुसतं गाणं होतं. ती माझ्याशी बोलली ती माझ्या चुकीत, आणि ती चूक देवीनं एवढी वर्षं सांभाळली. कोणाचं गाणं कधी सरवायचं, ते तिच्या हाती. आपण मधात बोंबलून काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीचा फोटो सरळ केला, दिवा लावला. बेसूर का होईना, ते भजन पहिल्यापासून म्हटलं. मधात दोनदा तोंडाशी आलं, गिळलं. शेवटचं कडवं सरलं, तेव्हाच म्हटलं, "अंबामाता की जय."