काज

शर्टाच्या कारखान्यात ती काजाच्या मशीनवर बसायची. पुढची पट्टी मशीनच्या पायाखाली सरकवायची, मशीन टाके घालायचं, सुरी खाली यायची, काज तयार. मग पुढचं. शेजारी बटणाच्या मशीनवर तिची नणंद. काजवालीच्या नवऱ्याची, म्हणजे आपल्या भावाची शेवटची आजारपणं तिने काढली होती. वहिनी कसल्या गोळ्या घेते हे कारखान्यात फक्त तिलाच माहीत होतं.

"वहिनी, स्टुलावर मुंग्या बसल्यात का गं? किती चुळबुळतेस!"

"स्टूल डुगडुगतं."

स्टूल डुगडुगत नव्हतं. अंगावरून पांढरं जात होतं, फाटलेल्या दुधासारखं, आणि बसलं की आग व्हायची, खाज सुटायची. मुकादमासमोर हात कुठे नेणार? ती मांडीवर मांडी दाबून बसायची आणि पट्टी सरकवायची. घरी आल्यावर फरशी पुसायचं औषध पाण्यात टाकून धुवायची. आग वाढायची. ती पुन्हा धुवायची.

नवरा गेला त्याआधी त्याच्या जिभेवर असाच पांढरा थर आला होता. कपड्याने पुसला तरी परत यायचा. त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. म्हणजे आपल्या गोळ्या चालेनाशा झाल्या, असं तिने धरून टाकलं. रडू आलं नाही. भाजी चिरताना हे लक्षात आलं, आणि तिने उरलेली भाजी चिरली. विचारायचं मात्र नाही, हे ठरलं. विचारलं की कोणीतरी 'हो' म्हणणार.

गोळ्या आणायला दवाखान्यात गेली तेव्हा नवीन डॉक्टरीणबाई होत्या. तोंडाला मास्क, डोक्यावर खडखडणारा पंखा.

"गोळ्या चुकत नाहीत ना? काम काय करता?"

"काज."

"खाज? कुठे?"

काज हो, शर्टाचं, एवढंच म्हणायचं होतं. पण कुठे असं तिला कोणी कधी विचारलं नव्हतं.

"तिथे," ती म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. पडद्याआड नेऊन तपासलं. ती छताकडे बघत पडून राहिली. कोपऱ्यात जळमट होतं.

"बुरशी आहे ही," बाई हात धुताना म्हणाल्या. "बऱ्याच बायकांना होते, एचआयव्ही नसला तरी. अंगातली ताकद कमी असली की जास्त होते, जाता जात नाही. कशाने धुता?"

तिने सांगितलं.

"अगं बाई! फरशी आहे का ती? बंद करा. साधं पाणी पुरे. आत ठेवायच्या गोळ्या देते, त्या पूर्ण करा. आधी का नाही बोललात? असं अंगावर काढतात का?"

"नवऱ्याच्या जिभेवर होतं," ती म्हणाली. "मग तो गेला."

बाईंनी हात पुसले. "तीच बुरशी असेल. ते एचआयव्हीच्या गोळ्या घेत होते?"

"नव्हता घेत."

"तुम्ही घेताय. रक्त देऊन जा, म्हणजे अंदाज करत बसायला नको." मग पुन्हा पेन उचललं. "हं, काम काय म्हणालात?"

"काज. शर्टाला काज करते."

"मग मघाशी…?"

"मघाशीपण तेच म्हणाले."

बाईंनी मास्कवरच हात ठेवला. खांदे हलत होते.

रिपोर्ट यायच्या आत आग थांबली होती. आला तेव्हा बाई म्हणाल्या, विषाणू सापडण्याइतकाही नाही, गोळ्या चांगल्या चालल्यात. खाज परत आली तर लगेच यायचं. काजवालीने मान डोलावली. आनंद व्हायला हवा होता. तिने बाहेर बाकावर बसून थोडी वाट पाहिली. मग कामावर गेली.

"काय म्हणाली डॉक्टरीण?" नणंदेने विचारलं.

"मी म्हटलं काज, तिने ऐकलं खाज."

तिने सगळं सांगितलं, मशीनच्या आवाजाखाली, शर्टावरची नजर न हलवता. काजाला खाज म्हणाल्या तिथे नणंद इतकी हसली की तिचं बटण उलटं बसलं. मग डोळे पुसून म्हणाली, "दादाच्या तोंडातलं तू एकटी मनात धरून बसलीस? मला सांगायचं नाही?"

"सांगितलं ना आता."

"मरणार नाहीस ना मग?"

"आत्ता तरी नाही म्हणाल्या."

"मग नीट बस."

ती नीट बसली. स्टूल स्थिर होतं. तिने पट्टी पायाखाली सरकवली, सुरी खाली आली.