हलकं पिस्तूल, मुका बार

संस्थान विलीन झालं आणि शिलेखान्यातली आमची नोकरी गेली. ज्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं बंदुका उघडायला आणि जोडायला शिकलो, ते माझे वस्ताद आपल्या गावी कोडोलीला निघून गेले. मी परवाना काढून शिवाजी पेठेत दुरुस्तीचं दुकान टाकलं. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक रानडुकरांनी ऊस खाल्लेले शेतकरी आणि त्यांच्या बाराबोरी बंदुका. पिस्तूल क्वचितच यायचं.

एका सकाळी गावातल्या एक डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी माझ्या टेबलावर रुमालात गुंडाळलेलं पिस्तूल ठेवलं. बाई बाळंतपणं करायच्या आणि खेड्यापाड्यांत एकट्या मोटार चालवत जायच्या. भावानं परदेशातून आणलेलं हे पिस्तूल त्यांनी रीतसर परवान्यावर घेतलं होतं. मी ते उचललं आणि आत मॅगझिन आहे की नाही ते आधी पाहिलं, इतकं ते हलकं लागलं. नळी आणि वरचा मागंपुढं सरकणारा भाग, म्हणजे स्लाइड, पोलादाची होती. खालचा सगळा सांगाडा मात्र ॲल्युमिनियमचा. असं पिस्तूल मी पहिल्यांदाच हातात धरत होतो.

"अडकतं हे," बाई म्हणाल्या. "दोन बार नीट होतात. तिसऱ्याला काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडत नाही, मधेच चिमटून बसते."

"अडकणारच, बाई. जर्मनचं आहे ते."

आमच्याकडं ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात. मी पुढं सांगितलं, जर्मनच्या पातेल्यात आमटी शिजवावी, त्यानं बार झेलायचे नसतात. हे विकून टाका, मी चांगलं पोलादी बघून देतो.

बाई रागावल्या नाहीत. "माझ्या भावानं याच पिस्तुलातून तिकडं शेकडो बार काढले. एकदाही अडकलं नाही. तिकडची काडतुसं संपली, तुमच्याकडची घातली, तेव्हापासून अडकायला लागलं. मग दोष काडतुसांचा कशावरून नसेल?"

मला ते झोंबलं. कारण काडतुसं माझ्या दुकानातून गेली होती आणि माझ्याकडं ती वस्तादांकडून आली होती. बाहेरून माल येणं त्या काळात जवळपास बंद झालं होतं. वस्तादांनी निरोप धाडला, माझ्याकडं जुना साठा हाय, घेऊन जा. मी गेलो, डबे घेतले आणि परत आलो. साठा कुठला हे विचारलं नाही. वस्तादांना आम्ही असलं काही विचारत नव्हतो.

खरं तर बाईंनी विचारलेलं मला कळत होतं. असलं पिस्तूल पुढचं काडतूस आपणहून भरतं ते आधीच्या काडतुसाच्या जोरावर. तो जोर कमी पडला की स्लाइड पुरती मागं जात नाही आणि पुंगळी अडकते. हे मला पाठ होतं. तरीही मी दोष धातूला दिला, कारण धातू माझा कुणी लागत नव्हता.

मी पिस्तूल उघडून साफ केलं, स्प्रिंग तपासली. सगळं ठीक होतं. चार दिवसांनी चाचणीसाठी आम्ही कसबा बावड्याच्या पुढं, जिथं मातीचा उंच बांध आहे तिथं गेलो. बाई स्वतःहून आल्या होत्या. पिस्तूल माझं आहे, मला बघायचंय, म्हणाल्या.

पहिले दोन बार नीट झाले. बांधावर धूळ उडाली. तिसऱ्याला पुंगळी अडकली, मी ती बोटानं काढली. चौथ्याला चाप ओढला तर वाळकी काटकी मोडावी तसा 'टक्' आवाज आला. मला वाटलं, पुन्हा अडकलं. सवयीनं मी स्लाइड हातानं मागं ओढली, पुंगळी खाली पडली, नवं काडतूस आत गेलं. मी हात सरळ केला.

बाईंनी मागून माझं मनगट धरलं.

"मिस्त्री, थांबा. गोळी कुठं गेली?"

"गेली की समोर."

"धूळ उडाली नाही. आणि हा आवाज बाराचा नव्हता."

मी मॅगझिन काढलं, आतलं काडतूस काढलं, पिस्तूल उघडून नळी वेगळी केली आणि आभाळाकडं धरून डोळा लावला. त्या भोकातून आभाळ दिसायला हवं होतं. काळं दिसलं. गोळी निम्म्या नळीत रुतून बसली होती. त्या काडतुसात दारूच नव्हती. बुडाच्या टोपीच्या नुसत्या ठिणगीनं गोळी बोटभर पुढं सरकून थांबली होती. मी आणखी एकदा चाप ओढला असता तर मागून आलेल्या गोळीनं ती नळी माझ्या तोंडासमोर फुटली असती. बाई माझ्यापासून हातभर अंतरावर होत्या.

मी मातीत खाली बसलो. बाईंनी काडतुसांचा डबा माझ्यापुढं सरकवला. मी एक काडतूस उचलून उन्हात नीट पाहिलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. टोपी नवी होती. पितळ जुनं होतं, कडेला पूर्वीच्या बाराचा ओरखडा होता. वापरलेल्या पुंगळ्या कुणीतरी घरी पुन्हा भरल्या होत्या.

"कुणी भरलीत ही?" बाईंनी विचारलं.

"माझ्या वस्तादांनी," मी म्हणालो.

आम्ही तिथूनच मोटारीनं कोडोलीला गेलो. दुपारचं लख्ख ऊन होतं. वस्ताद घरापुढच्या सोप्यात बसले होते, पुढ्यात पाट आणि पाटावर पितळी पुंगळ्यांची रांग. मी तीन पावलांवर उभा राहिलो. त्यांनी मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "कोण पावणं? कुठनं आलासा?"

अकरा वर्षं ज्यांच्याशेजारी बसून काम केलं, ते मला पाहुणा म्हणत होते.

"वस्ताद, मी."

आवाज ओळखल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "तू व्हय? ये की, बस. उन्हामुळं अंधारी आली बघ."

मी बसलो. पाटावरची भरलेली काडतुसं एकेक उचलून कानाशी हलवू लागलो. खळखळलं, म्हणजे आत दारू असली, की डावीकडं, नाही खळखळलं की उजवीकडं. वस्तादांना दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. उजवीकडं सातवं ठेवलं तेव्हा ते म्हणाले, "किती?"

"सात."

त्यांनी पाटावरच्या पुंगळ्या हातानं बाजूला सारल्या. मग म्हणाले, "वरसभर झालं दिसत न्हाय. बोटानं चाचपून भरतोय. वाटलं, हाताला ठावं हाय सगळं, डोळं कशाला लागत्यात. कुणाला लागलं का रं?"

"नाही. थोडक्यात वाचलो."

बाई पुढं झाल्या, त्यांनी वस्तादांच्या पापण्या वर करून पाहिल्या आणि मिरजेच्या दवाखान्यात नेऊ या म्हणाल्या. नंतर तिथं कळलं, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नव्हती.

वस्तादांनी डबे आणखी तिघांना दिले होते. दोघांचे आम्ही त्याच दिवशी परत आणले. तिसरा एक गुळाचा व्यापारी होता. त्याच्या दारात गेलो तर त्याच्या उजव्या हाताला बँडेज होतं. आठवड्यापूर्वी पिस्तुलाची नळी फुटली होती, दोन बोटं गेली होती. त्यानं ते पिस्तूल आणून दाखवलं. जड होतं, अखंड पोलादी. मी बाईंना घेऊन द्यायचं म्हणत होतो अगदी तसं. माझ्याच्यानं वर मान करून बघवेना. बाईंनीच त्याचं बँडेज सोडून जखम पाहिली.

सगळे डबे मी पोलीस ठाण्यात नेऊन दिले आणि जे झालं ते सांगितलं. माझा परवाना काही महिने अडकला. पुढं बाईंना कारखान्याची सीलबंद काडतुसं मिळाली. त्याच बांधावर त्यांनी स्वतः दोन मॅगझिनं रिकामी केली. ते जर्मनचं पिस्तूल एकदाही अडकलं नाही.

व्यापाऱ्याच्या बोटांचं वस्तादांना कुणी सांगायचं, हा प्रश्न होता. मी गेलो आणि सांगितलं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडं बघत राहिले, जणू दिसत होते.

"माझं चुकलंच," ते म्हणाले. "पर तुझं डोळं तर शाबूत हुतं की. डबा उघडून बघायचास. तेवढं तरी मी तुला शिकवलं हुतं."