चौदा मीटर खोलीचा गेरू

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन चौथीत जिथे सुटलं तिथेच उभं आहे. अक्षराचं तर विचारूच नका, यादी पाठवली की वाणी फोन करतो, "भाभी, ये साबूदाना है या साबुन?" ही वही कोणी वाचणार नाही, तरी माफी मागून ठेवते. सवयच आहे. रिक्षात कोणी माझ्या पायावर पाय दिला तरी सॉरी मीच म्हणते.

तर, माझ्या मुलीचा एम.टेक.चा प्रबंध मी तुळशीला फासला.

स्नेहल दगडमातीच्या इंजिनिअरिंगचं शिकत होती. त्याला मोठं भारदस्त नाव आहे, पण ते म्हणताना मला मध्येच श्वास घ्यावा लागतो, म्हणून मी लोकांना 'दगडमाती'च सांगायचे. शेजारच्या जागृतीबेनना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मतलब कुंभार? इतना पढके?" मी हसले. (मला वाद घालता येत नाही. नंतर रात्रभर चांगली चांगली उत्तरं सुचतात.)

एक दिवस स्नेहल लाकडी पेटी घेऊन आली. आत दगडाचे लांबट गोल तुकडे, काकड्या मांडून ठेवाव्या तसे. घोडबंदरकडच्या एका डोंगरात यंत्राने भोक पाडून काढलेले. वरचा तुकडा वरच्या थराचा, खालचा खालचा.

"आई, पेटीला हात लावायचा नाही."

"पुसूनसुद्धा नाही?"

"बघूनसुद्धा नाही! माझी डिग्री आहे ती. जानेवारीत प्रबंध दिला नाही तर सहा महिने गेले, आणि ते नोकरीवाले माझ्यासाठी थांबणार नाहीत."

पेटी दिवाणाखाली गेली. मी शपथेवर सांगते, पेटीला मी बोटही लावलं नाही. पण एक पुडकं पेटीच्या बाहेर होतं! खिडकीत, माठाशेजारी, ओल्या फडक्यात आणि वर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. आता पेटी म्हणजे पेटी आणि पुडकं म्हणजे पुडकं. चौथीपर्यंत आम्हाला एवढंच शिकवलं होतं.

तुळशीच्या लग्नाचा दिवस होता. पूनम सागर वसाहतीत आमच्या सोसायटीच्या आवारात सिमेंटचं तुळशीवृंदावन आहे. त्याला गेरू लावायचं काम दरवर्षी माझ्याकडे, कारण त्यात कोणाशी बोलावं लागत नाही. डबा उघडला तर गेरू चमचाभर. खालच्या दुकानात संपलेला. आता भाईंदर पश्चिमेच्या बाजारात जायचं म्हणजे रिक्षा करा, गर्दीत शिरा, दुकानदाराशी बोला. तेवढ्यात माझी नजर खिडकीत गेली. फडक्याच्या कोपऱ्यातून लाल काहीतरी डोकावत होतं.

उघडलं. आहा! वीतभर लांब, विटेसारखा लाल, हाताला मऊ. मी मनात म्हटलं, पोरगी काही बोलत नाही, पण आईसाठी गेरू आणून ठेवते! डोळ्यांत पाणीच आलं. ते पुसलं आणि गेरू बादलीत टाकला.

असा गेरू मी जन्मात पाहिला नव्हता. दगडाने ठेचावा लागला नाही, घोटावा लागला नाही. आपला आपण विरघळला, लोण्यासारखा! वृंदावनाला दोन हात दिले, उरलेल्यात रांगोळीची जागा सारवली. बायका बघायला आल्या. "भाभी, कलर कहाँ से लिया? एकदम रिच लगता है!" आयुष्यात पहिल्यांदा माझ्याभोवती माणसं जमली होती. मी लाजून म्हटलं, "स्नेहल लायी."

संध्याकाळी स्नेहल घरी आली. मी नवी साडी नेसून निघायच्या तयारीत.

"आई, खिडकीतलं पुडकं कुठाय?"

"कुठलं?"

"ओल्या फडक्यातलं. सोमवारी लॅबमध्ये द्यायचंय."

"ते होय! वाया नाही गेलं गं. खाली सगळ्यांना फार आवडलं."

"काय आवडलं?"

"गेरू."

स्नेहल आधी पांढरी झाली, मग त्या गेरूच्या रंगाची. "आई, तो लाल थर होता! चौदा मीटर खालचा! दोन काळ्या दगडांच्या मध्ये असतो. पाणी लागलं की लोणी होतो आणि वरचा डोंगर घसरतो. माझा अख्खा प्रबंध त्याच्यावर आहे!"

"लोणी होतो हे मात्र खरं आहे हां," मी म्हटलं. (गप्प बसायच्या वेळी मी नेमकी बोलते.)

तिने स्वयंपाकघरातून डाव उचलला आणि जिन्याने धावत सुटली. मागे मी, साडी सावरत. माझ्या मागे आमचे हे, "अगं, काय पेटलं?" करत. खाली अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकं म्हणताहेत, अर्धी सोसायटी अक्षता घेऊन उभी. आणि माझी इंजिनिअर मुलगी वृंदावनाशी उकिडवी बसून डावाने रंग खरवडतेय! 'सावधान' म्हटलं की खर्रर्र! पुन्हा 'सावधान', पुन्हा खर्रर्र!

"अहो, नवरीला काय करताय?" भटजी ओरडले.

जागृतीबेन माझ्या कानात म्हणाल्या, "भाभी, पढाई का टेन्शन है क्या बेटी को?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी नेहमीप्रमाणे सॉरी म्हटलं. तुळशीलासुद्धा म्हटलं.

वाटीभर लाल चुरा निघाला, त्यात सिमेंट, हळद आणि अक्षता. स्नेहलने तिथूनच तिचा प्रबंध बघणाऱ्या सरांना व्हिडीओ कॉल लावला. सगळं ऐकून सर म्हणाले, "आईंना द्या फोन." मी जागृतीबेनच्या मागे लपले. फोन तिथे आला.

"काकू, पाण्यात टाकल्यावर किती वेळात विरघळला?"

"कुकरच्या तीन शिट्ट्या."

"आधी भेगा पडल्या की थेट चिखल?"

"आधी पापुद्रे सुटले. मग बुडबुडे आले. मग बसला खाली."

सरांनी ते लिहून घेतलं. "काकू, निरीक्षण उत्तम आहे. पण प्रबंधात कुकर लिहिता येत नाही."

शेवटी सरांनीच मार्ग काढला. त्याच डोंगरात दुसरं भोक पाडलेलं होतं आणि त्याची पेटी गोदामात पडून होती. स्नेहल आणि आमचे हे गाडी करून गेले आणि लाल तुकडा मांडीवर बाळासारखा घेऊन आले. तोवर लॅबमधला सोमवार गेला होता, म्हणून तातडीची जादा फी. गाडी धरून अकरा हजार! स्नेहलने ते आपल्या स्कॉलरशिपमधून भरले. लॅपटॉपसाठी साठवलेले होते.

"हे मी फेडणार," मी म्हटलं.

"कशातून?" ह्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता.

जागृतीबेननी परस्परच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "भाभी रोटी बनाती है." मी चार दिवस दार उघडलं नाही. पाचव्या दिवशी उघडलं, तर नोकरी करणाऱ्या तीन घरांचे डबे बाहेर ठेवलेले! रोज तीस पोळ्या. डबा भरायचा, त्यांच्या दारात ठेवायचा, बेल वाजवून आपल्या घरात पळायचं.

प्रबंध जानेवारीत वेळेवर गेला. स्नेहल पास झाली, नोकरीवरही लागली. माझे हप्ते चालूच होते.

गेल्या रविवारी शेवटचे पाचशे तिच्या हातावर ठेवले. अकरा हजार, पूर्ण.

"फिटले गं आई. आता काही देणं नाही."

मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच फडकं उचललं. "मग आता तुझं कपाट आवरू?"

तिने तीच पाचशेची नोट माझ्या हातात परत ठेवली. "हे ॲडव्हान्स. न आवरण्याचे."

मी घेतली. चौथी शिकलेल्या बाईला काहीच न करण्याचा पगार दुसरं कोण देणार?