विहिरीच्या पाण्याचा एक थेंब

मला एका जागी बसवत नाही. हळदीच्या अडतीचं दुकान मुलाच्या हाती दिलं आणि सांगलीबाहेर मळ्यातल्या घरात राहायला आलो, तेव्हा बायको म्हणाली, "आता तरी बूड टेका." टेकलं, चार दिवस. पाचव्या दिवशी विहिरीवरच्या मोटारीची पेटी उघडून बघ, बिजागऱ्यांना तेल घाल, गड्याच्या कामात नाक खुपस, असं सुरू झालं. शेवटी मुलानं वैतागून विचारलं, तुम्हाला नक्की काय पाहिजे? मी म्हणालो, सूक्ष्मदर्शक. हळदीतली पिठाची भेसळ त्यात ओळखता येते असं कुठंतरी वाचलं होतं, ते निमित्त पुढं केलं. भेसळ मी एकदाही तपासली नाही.

दुर्बीण त्याच्या मागोमाग आली. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत आमची जेवणं उरकतात. त्यानंतर घरभर येरझाऱ्या घालत बसायचो, त्याऐवजी आता गच्चीवर जाऊ लागलो.

मे महिन्यात साताऱ्याची लेक पोरांना आमच्याकडं सोडून जाते. नात दहा वर्षांची, तिचा भाऊ सहाचा. त्या दिवसांत माझ्याइतका खूश माणूस तालुक्यात नसेल. दिवसा सूक्ष्मदर्शक, दिवेलागणीनंतर दुर्बीण. कांद्याचा पापुद्रा, मिठाचा खडा, जास्वंदीचे पराग, खिडकीत मरून पडलेल्या माशीचा पंख. मेलेलंच घ्यायचं, जिवंत काही पकडायचं नाही, ही पोरांच्या आज्जीची अट. गच्चीवर चंद्रावरचे खड्डे आणि गुरूचे चार चंद्र. नातू भिंगाला डोळा लावायच्या आधीच "दिसलं" म्हणायचा. नात मात्र पोटभर बघून घ्यायची, मग वहीत चित्र काढायची. मी जे सांगेन ते तिच्या लेखी पक्कं असायचं. शाळेतल्या बाईंशीसुद्धा ती माझ्या भरवशावर वाद घालून यायची.

आता मुद्द्याचं. माझी बायको लग्न होऊन आली त्या दिवसापासून पाणी गाळते. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून कळशीत. फडक्यावर जे राहतं त्याला आम्ही जिवाणी म्हणतो. ते फेकायचं नाही. फडकं उलटं करून गाळलेल्या पाण्यानं वाटीत उतरवायचं आणि ज्या विहिरीचं त्या विहिरीत परत सोडायचं. तेही वरून ओतायचं नाही. ते लहान बादलीत घालून ती दोरीनं पाण्याला टेकेपर्यंत सोडायची आणि तिथं अलगद कलती करायची. एवढ्या वर्षांत तिनं एक दिवस चुकवला नाही आणि मीही एक दिवस टोमणा चुकवला नाही. "काय वाचवतीस गं, धुरळा?" ती म्हणायची, "असू दे, माजा धुरळा."

गेल्या मे महिन्यात एका सकाळी ती वाटी कट्ट्यावर ठेवून आत गेली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. वाटीतला एक थेंब उचलला, काचेवर ठेवला, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. बघतो तर काय, अर्धा डझन जीव. एकाच डोळ्याचे, शेपटीला दोन झुबके, टुणटुण उड्या मारणारे. इतकी वर्षं मी धुरळा म्हणत होतो तो हा. मी नातीला हाक मारली. तिनं डोळा लावला आणि तिथंच चिकटली.

"आजोबा, एकाला दोन पिशव्या आहेत."

"अंडी हायती त्यात."

"म्हणजे ही आई आहे?"

"व्हय."

तिला जेवढं दिसत होतं तेवढं पुरे होतं. पण मला कुठलं पुरे? मोठं भिंग लावलं, उजेड कमी पडला म्हणून टेबलावरचा दिवा काचेला जवळजवळ टेकवला. तो जुना पिवळा दिवा, हात धरवत नाही इतका तापतो. नात म्हणाली, "सावकाश जरा, आजोबा." मी म्हणालो, "थांब गं, गंमत बघ." थेंब कडेनं आटत आला. उड्या कमी झाल्या, मग थांबल्या.

"आजोबा, हलत नाहीत."

"दमली असतील. झोपली."

तोंडातून निघून गेलं. काच उचलून मी मोरीतल्या नळाखाली धरली आणि धुऊन टाकली. मागं वळलो तर ती माझ्या हाताकडं बघत उभी होती.

जेवताना तिनं पाण्याला हात लावला नाही. तहान नाही म्हणाली. सांगलीचा मे महिना, पत्र्यावर पापड भाजतील असं ऊन, आणि दुपार टळली तरी पोर कोरडी. चार वाजता भावानं फोड केली. "ताई पाणी पिणार नाही. पाण्यात आई असते."

मी सरबत केलं. नको. कलिंगड कापलं. नको. आंबा पुढं केला, तर तोंड फिरवलं. मी चिडलो, ओरडलो, मग ओरडल्याचं वाईट वाटून अंगणात गेलो, परत आत आलो. पाय थाऱ्यावर नव्हते. लेकीला फोन लावला. ती म्हणाली, उकळून द्या. ते ऐकून नात म्हणाली, "म्हणजे आधी शिजवायचं का त्यांना?" लेकीनं ते फोनवर ऐकलं आणि मला म्हणाली, "बाबा, काय भरवलंत तिच्या डोक्यात? सहापर्यंत प्यायली नाही तर मी गाडी काढते आणि दोघांना घेऊन जाते." आणि पुन्हा पाठवणार नाही, हे ती बोलली नाही, पण मला ऐकू आलं.

बायको दिवसभर मला काही बोलली नव्हती. ती बोलली असती तर बरं झालं असतं. मी तिला म्हणालो, "अगं, तू तरी समजाव. तुजंच शास्त्र हाय हे." ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आवं, पोरीला पाण्याचं कोडं न्हाई पडलेलं. तिला तुमचं पडलंय. जावा, बोला तिच्यासंगं."

नात विहिरीच्या पायऱ्यांवर बसली होती. ओठ सुकून पांढरे पडलेले. मी तिच्या खालच्या पायरीवर बसलो.

"मेली ती," मी म्हणालो. "दिव्याच्या उष्णतेनं. तू सावकाश म्हणालीस, मी घाई केली."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"व्हय."

"मग झोपली का म्हणालात?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून." हे निम्मंच खरं होतं. उरलेलं निम्मंही सांगितलं. "आणि मला लाज वाटली म्हणून."

मागं पावलं वाजली. बायको गाळलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. नातीनं तांब्याकडं बघितलं. "आज्जी, गाळलं तरी बारके राहतातच ना ह्यात?"

"राहतात की."

"मग कशाला गाळतेस?"

"जेवढे वाचतात तेवढे वाचतात, बाळ. पाणी तर पिलंच पायजे."

नातीनं तांब्या हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "उद्या आज्जी मेली, तर पण मला झोपली म्हणून सांगणार?"

बायको शेजारीच उभी. मी तिच्याकडं बघायचं टाळलं आणि म्हणालो, "न्हाई. मेली म्हणून सांगीन."

"नक्की?"

"नक्की."

"आदी हेच जातील," बायको म्हणाली. "दिवसभर ही पळापळ. तवा मी सांगीन तुला. जे असंल ते."

नातीनं आमच्या दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मग तांब्या उचलला आणि डोळे मिटून पाणी प्यायली. मी हलायचं विसरून तिच्या गळ्याकडं बघत बसलो.